एकशे अडतिसावा भाग

त्या खोक्यातून मला नक्की काय मिळणार, हे मी ते घरी आणण्याआधीच मनाशी मांडून ठेवलं होतं. आमच्या घरात कामांची वाटणी केव्हाच होऊन गेली आहे. अभ्यासातलं काही अडलं की लेक आईकडे जाते. काही मोडलं, खरखरलं, फिरायचं थांबलं की ती आजोबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, फोन लावते. आणि उंच फळीवरचं काही काढायचं असलं की माझ्याकडे येते. मी घरात सगळ्यात उंच आहे. उंची हे काही माणसाचं कर्तृत्व नव्हे. दहा वर्षांच्या मुलीच्या आयुष्यात बापाची जागा शिडीपेक्षा थोडी वरची असावी, एवढीच माझी अपेक्षा होती.

म्हणून मी इंजिन आणलं. खरं नव्हे, चालणारं मॉडेल. सगळे भाग सुटे, आपण घरी जोडायचे. चार सिलेंडर, पारदर्शक प्लॅस्टिक, आतले पिस्टन वरखाली होताना दिसणार, ठिणगी पडायच्या जागी लाल दिवे लुकलुकणार. पेट्रोल नको, धूर नाही, दोन सेल घातले की झालं. ‘वय वर्षे दहा व त्यापुढील’ असं खोक्यावर छापलेलं होतं आणि त्या अटीत मी आरामात बसत होतो.

तर जमेच्या बाजूला लेकीचे सलग दोन आठवडे, ‘बाबा, हे कुठे बसतं?’ असा प्रश्न दिवसातून किमान पाच वेळा, आणि सासऱ्यांसमोर जरा ताठ मान. खर्चाच्या बाजूला काहीच दिसेना. अख्खा रकाना कोरा असला की संशय घ्यावा, हे मला ऑफिसात बरोबर कळतं. माझी नोकरीच ती आहे. लोकांच्या कोठारांत जायचं, माल मोजायचा, वहीतल्या आकड्याशी ताडून बघायचा आणि आक्षेप काढायचे. घरी मात्र ही नजर मी चपलांबरोबर दाराबाहेर ठेवत असलो पाहिजे.

सासरे चाळीस वर्षं पाण्याच्या पंपांवर डिझेल मेकॅनिक होते. पंपाच्या अंगाला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानाला टेकवायची आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं, अशी त्यांची ख्याती. इंजिनाची बातमी लेकीने त्यांना त्याच संध्याकाळी फोनवरून दिली.

“मी पुढच्याच्या पुढच्या रविवारी येतोच आहे,” ते म्हणाले. “तोवर झालं तर उत्तम. नाहीतर आपण दोघं बसू, खारू. जावईबापूंना उगाच त्रास नको.”

खारू म्हणजे आमची लेक. सापडेल ते दप्तरात साठवते म्हणून हे नाव. आणि ‘त्रास नको’ या दोन शब्दांत माझ्या लग्नाची तेरा वर्षं मावलेली आहेत. एकदा मी त्यांच्यासमोर नळाचा वॉशर बदलला होता. त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या लोकांनी छत्री घेऊन स्वयंपाक केला. तेव्हापासून ते मला त्रास देत नाहीत. म्हणजे माझ्या हातात तेरा दिवस होते. त्यात इंजिन फिरलं तर लेक माझी. नाही फिरलं तर शिडी आपल्या जागी उभी.

जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली आणि खोकं उघडलं. खारूने पिशव्या फोडायला हात घातला.

“थांब. आधी मोजणी.”

“बाबा, जोडायला लागू ना!”

“जोडणारे ढीगभर असतात. मोजणारा लागतो.”

यादीत एकशे सदतीस भाग लिहिले होते. मी दहा-दहांचे ढीग लावत गेलो. खारू कंटाळून पुस्तिका चाळत बसली. मध्येच म्हणाली, “बाबा, शेवटच्या पानावर लिहिलंय की...”

“मध्ये बोलू नकोस, आकडा चुकतो.”

आकडा चुकला नाही. एकशे अडतीस भरले.

इथे बिगर-हिशेबी वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. माल कमी भरला तर त्यात काळजी करण्यासारखं फारसं काही नसतं. कोणी नेला असेल, सांडला असेल, उंदरांवर घालता येतो. उंदरांनी आजवर आमच्या खात्याचे कितीतरी आक्षेप अंगावर घेतले आहेत. पण माल जास्त भरला, की अंगावर काटा येतो. उंदीर काही आणून ठेवत नाहीत. जास्तीचा माल म्हणजे कुठेतरी, कोणाच्या तरी वहीत, एक भोक पडलेलं आहे आणि त्यातून तो तुमच्याकडे बघतो आहे.

“एक स्क्रू जास्त आहे, एवढंच ना?” आमची ही म्हणाली. “ठेवा तो बाजूला.”

“कोणता ठेवू?”

“जो जास्त आहे तो.”

यादीत तसले स्क्रू बावीस होते आणि माझ्यासमोर तेवीस पडले होते, सगळे भाऊ-भाऊ. त्यांतला जास्तीचा कोणता, हे ठरवायचा अधिकार मला कोणी दिला होता?

दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई आल्या. त्या आम्हा नवरा-बायकोलाही हाताची घडी घालून बसवतात. “तुम्ही मनात मोजता, म्हणून चुकतं. मोठ्याने!” त्यांच्याबरोबर मोठ्याने मोजल्यावर एकशे एकोणचाळीस भरले. अर्धा तास शोधाशोध. अखेर तो वाढीव भाग माझ्या बाहीचं बटण निघाला. बाई जाताना म्हणाल्या, “बटणं नीट लावत जा,” जसं काही हा घोळ माझ्या नीटनेटकेपणाचाच होता.

शेजारचे वकील नुसते दारातून डोकावले आणि गंभीर झाले. “मालकी कोणाची हा प्रश्न वेगळा. ताबा तुमचा आहे. उद्या कोणी मागायला आलं तर काय सांगाल?”

“स्क्रू मागायला कोण येणार?”

“तेच तर,” वकील म्हणाले आणि निघून गेले. या माणसाचं प्रत्येक वाक्य अर्धवट असतं आणि उरलेल्या अर्ध्यामुळे आपल्याला झोप लागत नाही.

मी कंपनीला कळवायचं ठरवलं. त्यांच्या तक्रारीच्या अर्जात तीनच पर्याय होते: भाग कमी आहे, भाग तुटला आहे, भागाचा रंग वेगळा आहे. जास्त असण्याची कल्पनाच त्यांनी केलेली नव्हती. मी ‘कमी आहे’ निवडून संख्येच्या चौकटीत वजा एक लिहिलं. गणिताने ते अगदी बरोबर होतं. चौकटीने वजाची खूण खाल्ली आणि नुसता एक ठेवला. पुढे भागाचा क्रमांक विचारला होता. तो मला कसा माहीत असणार? चौकट कोरी ठेवली.

“झालं का? जोडायचं का?” खारू विचारायची.

“उत्तर येऊ दे.”

आठव्या दिवशी उत्तर आलं. ते खोक्यात होतं. कोणता भाग कमी आहे हे ग्राहकाला सांगता आलं नाही, तर कंपनी अख्खा नवा संच पाठवते, आमच्या समाधानातच त्यांचं समाधान आहे, अशी सोबत चिठ्ठी.

“वा!” ही म्हणाली. “एक स्क्रू परत करायला निघालात आणि एकशे अडतीस घेऊन आलात.”

“एकशे सदतीस,” मी म्हटलं. “यादीप्रमाणे.”

मोजले. एकशे अडतीस.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. एकदा होते ती चूक. दोनदा तीच झाली तर ती पद्धत. अख्ख्या कारखान्यात, कोण जाणे किती वर्षं, प्रत्येक खोक्यातून एक-एक स्क्रू बिनबोभाट बाहेर जातो आहे आणि हे पकडणारा पहिला माणूस मी! ऑफिसात बावीस वर्षांत असा आक्षेप माझ्या वाट्याला आला नव्हता. मी तीन पानी अहवाल लिहिला. परिशिष्टात तक्ता जोडला. पहिल्या संचाच्या प्रत्येक भागाला यादीतल्या क्रमांकाची चिठ्ठी बांधली. रोज रात्री ती वाचून, ताडून, पुन्हा ठेवून द्यायचो. दुसऱ्याला बांधायला दोरा उरला नाही. आणि ‘पडताळणी होईपर्यंत दोन्ही संच जैसे थे ठेवण्यात येत आहेत’ असं कंपनीला लिहूनही टाकलं.

“जैसे थे म्हणजे?” खारूने विचारलं.

“म्हणजे हात लावायचा नाही.”

तिने माझ्याकडे बघितलं, मग टेबलाकडे. दप्तरातून आजोबांच्या जुन्या डायरीचं एक पान काढलं आणि त्यावर रविवारपर्यंतचे दिवस खोडत बसली. तीन उरले होते. माझ्या कर्तव्याला मात्र त्या दिवशी फारच जोर चढलेला होता.

रविवारी सकाळी नऊला सासरे आले. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर. टेबलावरचे चिठ्ठ्या बांधलेले एकशे अडतीस भाग बघून ते दारातच थबकले.

“कुठे अपघात झाला? सगळ्यांना पट्ट्या बांधल्यात.”

“आजोबा, हे इंजिन आहे,” खारू म्हणाली.

“कुठाय?”

“जैसे थे आहे,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“म्हणजे नाहीये, अप्पा,” ही म्हणाली. “चहा घ्या.”

ते नुसतं “असू दे, असू दे” म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात पुन्हा दार वाजलं. बाहेर एक सडपातळ गृहस्थ, काखेत फाईल, कानामागे पेन्सिल. कंपनीचे पडताळणी अधिकारी. रविवारी! मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी चादरीकडे, ढिगांकडे आणि चिठ्ठ्यांकडे बघितलं, आणि त्यांचे डोळे पाणावले असं मला तरी वाटलं.

“दहा-दहांचे ढीग,” ते हळूच म्हणाले. “हल्ली कोण लावतं?”

आम्ही समोरासमोर बसलो. ते भाग उचलत, मी क्रमांक पुकारत होतो, ते खूण करत होते. इतकं सुरेल काम माझ्या हातून वर्षानुवर्षांत झालं नव्हतं. एवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं, की सासरे आणि खारू दुसरं खोकं दोन्ही बाजूंनी धरून, पायांचा आवाज न करता, स्वयंपाकघरात नेताहेत. ओरडायला हवं होतं. पण मी चौऱ्याण्णववर होतो.

“एकशे अडतीस,” अखेर अधिकारी म्हणाले आणि पेन्सिल परत कानामागे ठेवली. “बरोबर आहे.”

“बरोबर कसं? यादीत सदतीस आहेत.”

“एकशे सदतीस आणि वर एक स्क्रू जादा. घरात पोरांच्या हातून हरवला तर असावा म्हणून. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आहे.”

मी पुस्तिका उलटली. होतं. चांगलं ठळक होतं.

“मी पहिल्याच दिवशी सांगत होते,” स्वयंपाकघरातून आवाज आला. “बाबाचा आकडा चुकत होता.”

घरात कोणी हसलं नाही. ही नुसती पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली. मी अधिकाऱ्यांना विचारलं, “मग तुम्ही एवढ्या लांब आलात कशाला?”

“साहेबांनी तुमचा अहवाल तीनदा वाचला,” ते अवघडून म्हणाले. “त्यांना वाटलं, इतकं लिहिलंय म्हणजे यात काहीतरी असलंच पाहिजे.”

माझ्या आयुष्यात माझ्या लिखाणाचा असा गौरव झाला नव्हता आणि अशी बेअब्रूही. तेरा दिवस मी स्वतःला शेवटच्या पानापासून आणि लेकीला इंजिनापासून लांब ठेवलं, आणि आता ती आत आजोबांबरोबर तेच करत होती जे माझ्याबरोबर करायचं होतं. मी टेबलाशी बसून तेवीस स्क्रूंकडे बघत राहिलो. अधिकाऱ्यांनी अर्ज भरायला घेतला.

आतून कुरबूर ऐकू येऊ लागली.

“आता रॉकर घे.”

“रॉकर म्हणजे किती नंबर, आजोबा?”

“रॉकर म्हणजे रॉकर! मी काय त्यांना नंबर विचारत होतो?”

“पण पुस्तकात नुसते नंबरच आहेत. इथे एक्क्याण्णव लिहिलंय. चित्र इवलंसं आहे.”

“दाखव. हे? ही माशी बसलीय का चित्र आहे?”

मग बराच वेळ प्लॅस्टिक चिवडल्याचा आवाज. मग खारू, थकल्यासारखी, कोणालाच उद्देशून नाही: “एक्क्याण्णव कुठला असेल?”

“काळा,” माझ्या तोंडून निघून गेलं. “बोटाच्या पेराएवढा. मध्ये भोक, डावं टोक जरा आखूड.”

आत भराभर भाग उलथल्याचा आवाज.

“सापडला!” खारू ओरडली. “बाबा, सत्त्याऐंशी?”

“पारदर्शक नळी. दोन आहेत तशा, पण सत्त्याऐंशीला कडेला खाच आहे.”

“एकोणीस?”

“चपटी चकती. अठराला चिकटून बसते कधी कधी, सोडवून घे.”

मी खुर्ची दाराशी ओढली. मग उंबऱ्यावर. मग आतच. माझ्यासारखं त्या संचाला कोणी ओळखत नव्हतं. मी त्यातल्या एकेकाला अकरा-अकरा वेळा हजेरीला उभं केलं होतं. खारू नंबर विचारायची, मी खूण सांगायचो, ती उचलायची, सासरे कुठे बसतं ते दाखवायचे. जेवायची वेळ टळून गेली. ओट्यावर जागा नव्हती म्हणून हिने सगळ्यांना पाव आणि अंडी हातात दिली, अधिकाऱ्यांनासुद्धा. ते अर्ज बाजूला ठेवून रिकाम्या पिशव्या आकाराप्रमाणे लावत बसले होते; सवय.

चारच्या सुमाराला खारूने सेल घातले आणि खटका दाबला. पिस्टन हलले, कटकट झाली, एकच दिवा लागला तोही पिस्टन खाली असताना, आणि सगळं थांबलं.

सासऱ्यांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक त्या खेळण्याच्या अंगाला लावलं, मूठ कानाला, डोळे मिटले. “पुन्हा दाब.” कट, कट. “टायमिंग. एका दाताने मागे आहे. पुढचं झाकण काढून दोन चाकांवरच्या खुणा समोरासमोर आणायच्या.”

त्यांनी बोटं आत घालून पाहिली. पंप उघडणारी बोटं ती. झाकणाच्या फटीत नखसुद्धा जाईना. दोनदा प्रयत्न करून ते मागे सरले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. काही गोष्टींची मोजदाद करू नये एवढं मलाही कळतं.

“खारू, तू काढ,” ते म्हणाले. “आणि जावईबापू, ती काढेल तो प्रत्येक तुकडा कुठून आला ते ध्यानात ठेवा. आमच्या पंपावर तुमच्यासारखा एक माणूस असता ना, तर दोन वेळा माझ्या हातात वायसर उरले नसते.”

मी ओंजळ पुढे केली. एकशे एक, एकशे दोन, बावन्न, त्रेपन्न. तिने जिभेचं टोक बाहेर काढून चाक एका दाताने फिरवलं, खुणा जुळवल्या, आणि मी उलट्या क्रमाने एकेक परत देत गेलो.

“दाब.”

फिरलं! घरभर गुरगुर सुरू झाली. चारही पिस्टन नाचायला लागले आणि दिवे लागत गेले: पहिला, तिसरा, चौथा, दुसरा.

“क्रम चुकला!” मी ओरडलो. “एक, तीन, चार, दोन येतंय!”

“हाच क्रम असतो, जावईबापू,” सासरे म्हणाले. “मोजू नका. बघा.”

मी बघितलं. खारूने माझं एक बोट आणि आजोबांचं एक बोट धरून ठेवलं होतं आणि ती इंजिनाकडे बघतही नव्हती. आम्ही बघतोय ना, ते बघत होती. वरून मुख्याध्यापिका बाई “हा कसला आवाज?” म्हणत उतरल्या आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. वकील आले, म्हणाले, “आता हे थांबवणार कसं, याचा विचार केलाय का?” आणि उत्तर न ऐकता खारूशेजारी उकिडवे बसले.

अधिकाऱ्यांनी माझा खांदा हळूच हलवला. चिठ्ठ्या बांधलेला पहिला संच त्यांनी परत घ्यायचं कबूल केलं होतं. कंपनीकडे इतका व्यवस्थित माल आजवर परत आला नव्हता म्हणे. मात्र अर्जात एक रकाना उरला होता. विनाकारण पाठवणी, विनाकारण पडताळणी, एक रविवार. नुकसान कोणाचं आणि भरपाई कोणाकडून?

“माझं नाव लिहा,” ही म्हणाली. “माझं स्वयंपाकघर गेलं.”

“माझं लिहा,” सासरे म्हणाले. “पंपातली चाळीस वर्षं, आणि मला नंबर विचारायला लागले.”

“रविवार माझाही गेला,” अधिकारी म्हणाले, पण त्यांच्या हातात दुसरं अंडं होतं, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. “एकच नाव मावतं. आणि खाली सही.”

मी कागद हातात घेतला. चार पानं, मुंग्यांच्या रांगेसारखी बारीक अक्षरं. चष्मा काढला, पुसला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

“बाबा! लवकर ये! एकशे चार निसटला आणि आजोबांना ओळखू येत नाहीये!”

मी शेवटच्या पानावर जिथे जागा दिसली तिथे सही ठोकली आणि धावलो. न वाचता केलेली ती माझी पहिलीच सही. तेव्हा या सगळ्या प्रकरणाची भरपाई नक्की कोणी आणि किती करायची आहे, ते त्या चार पानांत स्पष्ट लिहिलेलं असणारच. मला विचाराल, तर ती मी भरलेली आहे.